सिनेमात नसलेली मुलगी

आमच्या मुलीनं पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला जुन्या नहरीचा प्रोजेक्ट घेतला होता. डोंगराकडचं पाणी जमिनीखालून शहरात आणणारी ही शेकडो वर्षांपूर्वीची नहर आमच्या गावात सगळ्यांनी ऐकलेली असते, पाहिलेली फार थोड्यांनी. वर दिसतात ती फक्त मधून मधून विहिरीसारखी गोल तोंडं, त्यातलीही बरीचशी कचऱ्यानं भरलेली. तिच्या गटातली बाकीची मुलं इंटरनेटवरून माहिती उतरवून मोकळी झाली. ही मात्र दर रविवारी टेप, दोरी आणि बापाला घेऊन उन्हात हिंडायची. हे तेव्हा चिकलठाण्याच्या एका कंपनीत लेथवर होते. आठवड्याची एक सुट्टी मिळायची, ती अशी जायची, पण कधी कुरकुर केली नाही.

नहरीच्या तोंडाशी पालथी पडून ती आत शीळ घालायची. आवाज कसा परत येतो त्यावरून आत गाळ किती आहे याचा अंदाज बांधायची. शास्त्रात ते कितपत बसतं मला माहीत नाही. शीळ तिला ह्यांनीच शिकवलेली, ती पाच वर्षांची असताना, माझा विरोध असताना. घरी आली की हातपाय न धुता सांगत सुटायची. "आई, आतलं पाणी वाहत नाही, चालतं. उतार एवढा कमी दिलाय की पाण्यालासुद्धा कळू नये आपण खाली चाललोय."

प्रोजेक्ट जमा करून पंधरा दिवसही झाले नव्हते, तिला ताप आला. डेंग्यू निघाला. पाच दिवसांत सगळं आटोपलं. वीस वर्षांची होती. याहून जास्त मी त्याबद्दल लिहू शकत नाही. लिहून पाहिलंय, हात थांबतो.

मी शाळेत मराठी शिकवायचे. निबंध तपासण्यापलीकडं माझा लिहिण्याशी संबंध नव्हता. ती गेल्यावर तिची प्रोजेक्टची वही माझ्याकडं राहिली. तिच्यात मापं होती, कच्च्या आकृत्या होत्या आणि समासात तिच्या अक्षरात बारीक प्रश्न होते. 'इथं वळण का दिलं असेल?' 'खणणाऱ्यांना आत उजेड कसला होता?' 'बायका काय करत असतील?' परीक्षक असल्या प्रश्नांना गुण देत नाहीत. मला वाटलं, निदान आपण उत्तरं शोधावीत. शाळा सुटली की वाचनालयात जाऊन बसायला लागले. जुन्या नोंदी, गॅझेटियर, जे हाताला लागेल ते. नोंदींत सरदारांची नावं होती, खणणाऱ्यांची नव्हती. जे सापडलं नाही ते मनानं भरत गेले, आणि अशी ती कादंबरी झाली. सात वर्षं लागली.

कादंबरीत नहर खणणाऱ्यांच्या मुकादमाची एक मुलगी आहे. नाव वेगळं दिलं. पण शीळ तीच, बोलणं तेच, ओढणी कमरेला खोचायची तऱ्हा तीच. समासातले सगळे प्रश्न मी तिच्या तोंडी घातले. नहर पुरी होते, लढाया होतात, राज्य बदलतं, ती मुलगी राहते. तिचं लग्न होतं, मुलं होतात, केस पिकतात. गाळ काढायला माणसं उतरली की काठावर बसून ती त्यांना सांगते कुठं जपून पाय टाकायचा. मी तिला म्हातारी होऊ दिलं. त्यासाठीच तर लिहीत होते.

पुस्तक छापून आलं तेव्हा पहिली प्रत ह्यांच्या हातात दिली. म्हणाले, "आहे का ती यात?"

"आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

त्यांनी पुस्तक कपाळाला लावलं आणि कपाटात तिच्या फोटोमागं ठेवून दिलं. "मला नाय जमायचं गं वाचायला," एवढंच म्हणाले. मी आग्रह केला नाही. ते अंत्यविधीलाही रडले नव्हते. माणसाचं दार कुठं बंद आहे हे एवढ्या वर्षांत कळतं, आणि ते ठोठावायचं नसतं हेही.

दोन वर्षं कादंबरी कुणाच्या फारशी लक्षात आली नाही. मग मुंबईहून एका दिग्दर्शकाचा फोन आला. तरुण होता, त्याचे आधीचे दोन सिनेमे चाललेले होते. मला वाटलं, कुणी चेष्टा करतंय. पण पुढच्या आठवड्यात तो खरोखरच आमच्या घरी येऊन सोफ्यावर बसला. त्याच्या प्रतीत पानोपानी पेन्सिलीच्या खुणा होत्या. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढं जे झालं त्यावरून कुणाला तो वाईट माणूस वाटेल. तो वाईट नव्हता. त्यानं पुस्तक मनापासून वाचलं होतं. मुकादमाच्या मुलीबद्दल तो म्हणाला, "मॅडम, ही मुलगी तुम्ही कुठंतरी बघितलेली आहे. अशी नुसती सुचत नाही."

मी म्हणाले, "शाळेत पुष्कळ मुली येतात."

हे स्वयंपाकघराच्या दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. पाहुणा गेल्यावर विचारलं, "म्हणजे पडद्यावर ती दिसणार?"

"तिच्यासारखी कुणीतरी."

"शीळ घालती का त्यात?"

"घालते."

"मग पिक्चर बघीन मी," ते म्हणाले. "पुस्तकात काय होतं, आपणच पान उलटायचं. आपला हात रेटत नाय. पिक्चर कसं, आपोआप पुढं जातंय."

त्यानंतर ह्यांच्यात फरक पडला. ज्या विषयावर घरात इतकी वर्षं शब्द नव्हता त्यावर ते बोलायला लागले. भाजी निवडताना मध्येच, "तिचं नाक जरा बसकं होतं, हिरॉईन लोकांचं सरळ असतंय," असं काहीतरी. किंवा, "त्यांना सांग, ती हसताना तोंडावर हात घ्यायची." मी म्हणायचे, सांगते. करारावर सही केली तेव्हा मी अटी वाचल्याही नाहीत नीट. रूपांतराचे सर्व हक्क त्यांच्याकडं, एवढं एक वाक्य डोळ्यांखालून गेलं. मला घरातलं ते बोलणं ऐकू येत होतं, ते बंद पडू नये एवढंच वाटत होतं.

वर्षभरानं पटकथा ईमेलवर आली. मोबाईलवर वाचायचा कंटाळा, म्हणून औरंगपुऱ्यात झेरॉक्सच्या दुकानात जाऊन छापून घेतली. दुपारी हे बँकेच्या कामाला गेल्यावर वाचायला बसले. सुरुवातीची पन्नास पानं वाचताना मी एकटीच हसत होते. ती तिथं होती. पालथी पडून शीळ घालत होती, बापाशी वाद घालत होती. 'पाणी वाहत नाही, चालतं' हे वाक्य जसंच्या तसं होतं. नायक म्हणून त्यांनी एक तरुण खणणारा घातला होता, तो पुस्तकात नाही. त्याचंही मला काही वाटलं नाही. सिनेमाला नायक लागतो.

मध्यंतराच्या आधीच्या प्रसंगात शत्रूचे घोडेस्वार नहरीवर येतात आणि त्या मुलीला नहरीच्या तोंडातून आत फेकतात. ती आतून शीळ घालते. एकदा, दोनदा, मग थांबते. वर नायक तलवार उचलतो. पडदा काळा. मध्यंतर.

मी ते पान पालथं घातलं. पुढची पानं वाचली नाहीत. त्यात ती नव्हतीच.

दिग्दर्शकाला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, फोनवर नको, मी येतोच आहे तिकडं." जालना रोडवरच्या एका हॉटेलात भेटलो. त्याच्याबरोबर पटकथा लिहिणारा एक मुलगा होता आणि सिनेमाच्या प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या एक बाई होत्या. मी ह्यांना सांगितलं होतं, शाळेच्या जुन्या बायकांना भेटायला चाललेय.

"तिला मारू नका," मी म्हणाले.

तो समजुतीनं बोलला. "मॅडम, पुस्तकात ती जगते ते फार सुंदर आहे. पण पुस्तकाला चारशे पानं मिळतात. मला अडीच तास आहेत. मध्यंतराला माणूस हलला नाही तर तो पॉपकॉर्न घेऊन परत येतो, तसाच बसतो. आणि तिला काही झालं नाही तर हा तलवार का उचलेल?"

"दुसऱ्या कशासाठी उचलू दे."

"पण ह्याच्याइतकं लागणारं दुसरं काही नाहीये. तुम्हीच तिला एवढी जिवंत लिहिलीय."

एक वाक्य होतं माझ्याकडं. ते बोलले असते तर त्यानं कदाचित तिथल्या तिथं हात जोडले असते. पण त्या प्रसिद्धीच्या बाई समोर वही उघडून बसल्या होत्या, आणि मला एकदम दिसलं, की उद्या हे कुठंतरी छापून येईल. दिवंगत मुलीच्या आठवणीत आईनं लिहिलेली कथा. वर तिचा फोटो मागतील.

तो पाणी पिऊन हळूच म्हणाला, "तुम्हाला इतका त्रास होत असेल तर एकच रस्ता आहे. तिला पूर्ण काढावं लागेल. अर्धवट ठेवून चालणार नाही. बघा, मला स्वतःला ते नकोय. पण तुम्ही म्हणाल तसं."

म्हणजे एक तर ती मरेल, नाही तर ती नसेलच. मी खिडकीबाहेर बघत होते. विमानतळाकडून येणाऱ्या गाड्या सिग्नलला थांबत होत्या, सुटत होत्या. दुसऱ्यांदा तिला जाताना मी बघू शकत नव्हते. आणि ह्यांना तर मी ते बघूच देणार नव्हते. अंधाऱ्या हॉलमध्ये, पाच-सहाशे माणसांत बसून, आतून येणारी ती शीळ.

"काढा," मी म्हणाले.

लिहिणाऱ्या मुलानं लॅपटॉप पुढं ओढला. दहा मिनिटांत नायकाला एक जिवलग मित्र मिळाला, तो मेला. सगळं जागच्या जागी बसलं. पाण्याबद्दलचं वाक्य त्यांनी त्या मित्राला दिलं.

घरी येऊन ह्यांना सांगायचं ठरवलं होतं. हे जिन्यातच भेटले. टाकीत पाणी चढवायला मोटर लावली होती, आमच्याकडं नळ आठवड्यातून एकदाच येतो, त्या गडबडीत होते. पाईप धरून माझ्याकडं बघत म्हणाले, "मी म्हणलं, त्या शीळ घालणाऱ्या पोरीला खरी शीळ यायला पायजे. नायतर मागून कुणीतरी वाजवतंय आणि ही नुसती ओठ हलवती, असलं कळतं लगीच. तू कळव त्यांना." मी म्हणाले, कळवते. त्या दिवशी नाही सांगितलं ते मग पुढं सांगायचं राहिलंच. दर महिन्याला ते जास्त अवघड होत गेलं.

सिनेमा यायच्या आधी क्रांती चौकात मोठं होर्डिंग लागलं. हे मला स्कूटरवर घेऊन गेले. बाजूला उभं राहून, मान वर करून एकेक चेहरा बघत राहिले. नायक, सरदार, मागं घोडे, धूळ. कोपऱ्यात बारीक अक्षरात माझं नाव होतं. ते त्यांनी वाचलं आणि खुश झाले. मग विचारलं, "ही कुठंय?"

"मोठ्या नटांचेच चेहरे लावतात होर्डिंगवर," मी म्हणाले.

"व्हय, ते पण खरंय."

मुंबईच्या पहिल्या खेळाचं आमंत्रण आलं होतं. हे म्हणाले, नको, आपल्या गावात बघू, ती इथलीच. दुपारच्या तीनच्या खेळाची तिकिटं काढली. ह्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला आणि निघताना फोटोसमोर क्षणभर उभे राहिले. रिक्षात बसल्यावर मी म्हणाले, "अहो, पुस्तकात असतं ते सगळंच सिनेमात येत नाही." ते म्हणाले, "ते काय, कळतंय की मला."

सिनेमा चांगला होता, हे मला कबूल केलं पाहिजे. नहरीचा सेट एवढा खरा होता की मी तिच्या आकृत्या ओळखल्या. पहिल्यांदा शहरात पाणी येतं तो प्रसंग आला तेव्हा सगळं थिएटर टाळ्या वाजवायला लागलं. आमच्या गावात पाण्याला टाळ्या पडणारच. हे टाळ्या वाजवत नव्हते. पुढं वाकून, समोरच्या खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. पडद्यावर घोळक्यात कुणी मुलगी दिसली की मान पुढं जायची. पाणी भरणाऱ्या बायका, लग्नातल्या बायका, पळणारी गर्दी. ते प्रत्येकीकडं बघत होते. नायकाचा मित्र म्हणाला, "पाणी वाहत नाही, चालतं." ह्यांनी चमकून माझ्याकडं पाहिलं. अंधारात मला त्यांचे डोळे दिसले नाहीत.

मध्यंतरात दिवे लागले. ते म्हणाले, "दुसऱ्या भागात येती का?"

मी मान खाली घातली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. कळलं असावं. तरीही दुसरा भाग त्यांनी तसाच, पुढं वाकून बघितला. सिनेमा संपला, लोक उठले, नावं सरकायला लागली. नावं संपून पडदा पांढरा होईपर्यंत ते बसून राहिले. झाडू घेतलेली बाई आमच्या रांगेशी येऊन थांबली तेव्हा उठले.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. हॉटेल, पटकथेतलं ते पान, मी काय म्हणाले ते. शर्टाची बटणं काढता काढता ते ऐकत होते.

"तुम्हाला ते बघवलं नसतं," मी म्हणाले.

"मला इचारलंस का?"

मी त्यांचा काढलेला शर्ट उचलून खुंटीला लावला.

"मेली असती तर मेली असती," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मध्यंतरापर्यंत तरी दिसली असती. आपल्याकडं तरी कुठं पूर्ण होती?"

मग ते पलंगावर बसले आणि रडले. बारा वर्षांत पहिल्यांदा. मी जवळ गेले तर हातानं थांबवलं. दारात उभी राहून मी ते रडणं ऐकलं. मुलीच्या बाबतीत मी दोन वेळा एकटीनं निर्णय घेतला होता. एकदा लिहिताना, एकदा काढताना. पहिल्या वेळी मला वाटलं होतं मी तिला दोघांसाठी जगवतेय. ते तेव्हाही खरं नव्हतं, कारण त्यांना मी विचारलंच नव्हतं की तुम्हाला ती कुठं हवीय.

नंतरचे काही दिवस घरात कामापुरतं बोलणं होतं. चहा घे, गॅस बंद कर, एवढंच. सिनेमा जोरात चालला. सत्कार झाले, शाली आल्या. शेजारच्या बायका म्हणायच्या, आता काय बाई, तुमचं नाव झालं. एका कॉलेजात बोलायला बोलावलं तिथं एका विद्यार्थिनीनं विचारलं, की पुस्तकात जिच्याभोवती सगळी गोष्ट फिरते ती मुलगी सिनेमात का नाही. मी म्हणाले, वेळ पुरला नाही.

सिनेमामुळं पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली, मुखपृष्ठावर नायकाचा फोटो. प्रकाशकानं घरी गठ्ठा पाठवला. हे तो बघायलाही आले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाल्कनीत बसलेले दिसले, मांडीवर जुनी प्रत. कपाटातून त्यांनीच काढली होती. ते ओळीखाली बोट धरून वाचतात, ओठ हलतात. रोज एक पान, कधी दीड. मी त्या बाजूला फिरकत नव्हते.

एकदा भाकरी वाढताना त्यांनी विचारलं, "किती म्हातारी होती ती शेवटी?"

"सत्तरीच्या पुढं."

"असं व्हय." भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "मग सावकाश वाचतो."

त्यानंतर पावसाळा गेला, दिवाळी गेली. सध्या ते तिच्या लग्नाच्या प्रकरणाशी थांबलेत. त्या प्रकरणात बाप वाजंत्रीवाल्यांना बोलवायला परगावी जातो आणि परत येताना वाटेत उगाच एका झाडाखाली बसून राहतो, इतकंच आहे. मी लिहिताना सहज लिहिलं होतं. दोन महिने झाले, खूण त्याच पानावर आहे. सकाळी ते पुस्तक उघडतात, थोडा वेळ बघतात आणि मिटतात.